आईची किडनी, माझी गोळी

गायी भरवणं हा माझा धंदा. मोटारसायकलला रेत गोठवून ठेवणारा नायट्रोजनचा कॅन अडकवायचा, घोडेगावच्या आजूबाजूच्या वस्त्यांवर हिंडायचं, माजावर आलेल्या गायीला रेताची कांडी भरायची आणि पुढचा गोठा गाठायचा. गाय गाभण राहिली की लोक चहा पाजतात आणि चहाबरोबर टोमणाही. "गावभर वासरं केलीस, घरचं कधी?" मी हसतो. या हसण्याचा मला मनापासून वीट आला आहे.

लग्नाआधी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आईनं तिची एक मला दिली. बायकोला हे सगळं सांगूनच लग्न केलं. किडनी आईची असली तरी शरीराला ती परकीच. शरीरानं ती झिडकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या. सकाळच्या गोळीबरोबर पाण्याचा पेला आई स्वतः हातात देते आणि विचारते, "माझी कशी हाय?" सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तसं.

मूल होईना तेव्हा सगळ्यांच्या नजरा बायकोकडं वळल्या. आईनं तिला दवाखाने दाखवले, उपास धरायला लावले. तिचे सगळे रिपोर्ट चांगले आले. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी माझी तपासणी करायला सांगितली. रोज परक्या वळूचं रेत हाताळणारा मी, पण हातातल्या त्या छोट्या बाटलीकडं बघायची मला लाज वाटली. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू जवळजवळ नव्हतेच.

"ही गोळी किडनी सांभाळते, पण काही पुरुषांत शुक्रजंतू कमी करते," किडनीचे डॉक्टर म्हणाले. "बदलली तर बहुतेकदा काही महिन्यांत ते वाढतात."

मी खुर्चीत पुढं सरकलो.

"पण तुमची आधीची गोळी किडनीला मानवत नव्हती, म्हणून तर ही दिली. बदलण्यात धोका आहे. विचार करून सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका."

विचार काय डोंबलाचा करणार? गोळी घ्यावी तर मुलाची आशा नाही, बदलावी तर आईनं पोट चिरून दिलेली किडनी पणाला. त्या गोळीचा मला संताप येतो आणि पाकीट संपत आलं की जीव घाबरा होतो.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं. पण परवा सकाळी आई तिला म्हणाली, "आजून एक डॉक्टर बघू तुझ्यासाठी." बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता ती बोलली, "आत्या, माझ्यात काय न्हाई. ह्यांच्या गोळीनं हुतंय." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं माझा पेला विसळायला घेतला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बदल मग गोळी. किडनी माझी हाय, मी सांगते."

"न्हाई बदलायची," बायको म्हणाली. "पोर नसलं तरी चालंल. मला हे पायजेत."

मला कुणी विचारलंच नाही.

"आन् किडनी गेली तर?" बायकोनं विचारलं. "दुसरी कुठून आनायची?"

आई माझा पेला विसळत होती.

"एक हाय की माझ्याकडं आजून," ती म्हणाली.

तिनं पेला भरून माझ्यापुढं धरला. दोघी माझ्या हाताकडं बघत होत्या. मी गोळी तोंडात टाकली आणि गिळली.