अष्टमीची खुंटी

पनवेलच्या इस्रायल आळीत एका घराच्या पडवीवर पाटी होती : ‘सल्लागार इंजिनिअर’. ती मी पहिल्यांदा बाबांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, “सल्ला द्यायचा पन धंदा असतो? आपल्या कामोठ्यात तर नको म्हटला तरी देतात.”

मी तेव्हा मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा मिठागरावर काम करायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. मे महिन्याच्या सुट्टीत काही शिकायला मिळेल का, असं विचारायला मी त्या पाटीखाली उभा राहिलो होतो. साहेब सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, उंच, सावळे, मराठी अगदी सावकाश बोलणारे. त्यांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, “उद्यापासून या. पण रविवारी आठला आलात तरच.” मला ‘अहो’ म्हणणारे ते पहिले गृहस्थ. आपल्यामागे कोणी उभं आहे का, म्हणून मी वळून पाहिलं होतं.

रविवारचं महत्त्व मला नंतर कळलं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत साहेबांचं टेबल रिकामं व्हायचं. साहेब बेने इस्रायली, म्हणजे ज्यू; शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा. त्या दिवशी ते पेन्सिलीला हात लावत नसत, कामाचा शब्द काढत नसत. आणि रविवारी सकाळी पडवीत बैठक भरायची. पनवेलच्या आसपास बांधकामावर असणारी पाचसहा माणसं यायची : रस्त्याच्या कामावरचे एक ओव्हरसियर, दोन इमारतींवरचे सुपरवायझर, एक म्हातारे सर्व्हेअर. साहेबांचं म्हणणं असं की, परीक्षा संपली की इंजिनिअराला कोणी शिकवत नाही, म्हणून आपणच एकमेकांना शिकवायचं. पद्धत ठरलेली होती. ज्याची पाळी असेल त्याने आपलं एक काम सांगायचं, त्यातली आपली एक चूक सांगायची, आणि मग चहा. चहा येईपर्यंत कोणी हसायचं नाही. चूक साहेब एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घेत. नाव लिहीत नसत, फक्त काम.

दोनतीन रविवार ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की बहुतेक जण बेतशीर चूक निवडून आणतात. फार लाज वाटू नये आणि अगदीच खोटीही वाटू नये, अशी. ओव्हरसियरांची चूक तर नेहमी मजुरांचीच निघायची.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मातीच्या अभ्यासाचा तीन आठवड्यांचा वर्ग होता. माती दाबली की किती बसते, तिच्यातून पाणी कसं झिरपतं, हे तिथे यंत्रांवर शिकवणार होते. साहेब इंजिनिअरांच्या ज्या संस्थेचे सभासद होते तिच्यामार्फत त्यांना एका माणसाचं नाव सुचवता येत होतं. ते आपलं असावं, असं ओव्हरसियरांनी बोलून दाखवलं होतं. मी बोललो नव्हतो, पण मला ती जागा इतकी हवी होती की वर्गाचं माहितीपत्रक मी हातानं उतरून घेतलं होतं.

एका शुक्रवारी, ओव्हरसियर नकाशा दाखवायला आलेले असताना, साहेबांनी मला एक स्वतंत्र काम दिलं. कामोठ्याच्या खाडीकडेला खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखायला बांध घालायचा होता. बांधात एक उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायची फळ्यांची वाट. बांधाची उंची किती ठेवायची ते मी काढायचं होतं. साहेब म्हणाले, “तुमच्याच गावचं काम आहे. पुढच्या आठवड्यात रविवारी तुमची पाळी. हेच सांगा.” पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, पण ओव्हरसियरांनी माझ्याकडे पाहिलं, त्यावरून पुण्याची जागा यावरच ठरणार हे मला समजलं.

मी घाई केली. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, साहेबांची डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, तिपाईवर लावून मी खाडीच्या काठी उभा राहिलो. आकड्यांची उंच पट्टी धरायला बाबा आले होते. सहा-साडेसहाला पाणी चढत चढत थांबलं. जिथे थांबलं तिथे मी बाभळीची खुंटी ठोकली. बाबांनी तिच्यावर पट्टी उभी धरली. मी दुर्बिणीतून आकडा वाचला आणि वहीत लिहिला : भरतीची पातळी. बाबा एकदा खुंटीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

“जाला?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“एवढाच?”

“एवढंच, बाबा. बाकीचं गणित आहे.”

बाकीचं गणित मी तीन दिवस केलं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे भरतीच्या पातळीवर लाटांसाठी दोन फूट धरले. बांधाचा उतार, पाया, उघाडीची रुंदी, सगळं सुवाच्य अक्षरात. गुरुवारी साहेबांनी अहवाल तपासला. एकही आकडा चुकला नव्हता.

“पाण्याची पातळी कशी घेतलीत?”

“भरतीच्या वेळी स्वतः उभं राहून, साहेब.”

“उत्तम,” ते म्हणाले, आणि अहवाल टाइप करायला दिला. गावची मंडळी रविवारी दुपारी तो न्यायला येणार होती, सोमवारी मातीला हात लागणार होता. बैठकीत सांगायला मी एक चूकही तयार ठेवली : कच्च्या कागदावर एक बेरीज चुकली होती, ती मी स्वतःच पकडली होती. चूक सुबक होती.

शनिवारी दुपारी बाबांची भाकरी घेऊन मी मिठागरावर गेलो. पौर्णिमा होती. बाबा तोंडाची फळी काढून खाडीचं पाणी साठवणीच्या तळ्यात घेत होते. उधाणाच्या दिवशी हे काम मी लहानपणापासून पाहत आलेलो. भाकरी ठेवली आणि सहज खुंटी बघायला गेलो. खुंटी नव्हती. कोणी उपटून नेली असेल म्हणून मी इकडेतिकडे शोधू लागलो.

“खुंटी बघतोस?” मागून बाबा म्हणाले. “ती हाय तिथंच. पान्याखाली.”

“किती खाली?”

बाबांनी जवळ येऊन माझ्या छातीवर आडवा हात ठेवला. “इथपरत.”

मी मनात तिथी मोजली. मग एकदम सगळं दिसलं. मागचा शनिवार अष्टमीचा होता. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे सगळ्यात लहान भरती; पौर्णिमा-अमावास्येला उधाण, सगळ्यात मोठी. हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. आमच्या घरात तारीख कोणी विचारत नसे. आज भांग आहे की उधाण, यावर बाबांचं कामावर जाणं ठरायचं. पण दुर्बिणीला डोळा लावताना ते सगळं मी घरी ठेवून आलो होतो. ते घरातलं बोलणं होतं आणि हे इंजिनिअरिंग होतं, असं काहीतरी माझ्या मनात असावं. माझ्या बांधावरून दर पौर्णिमा-अमावास्येला दोन फूट खारं पाणी शेतात उतरलं असतं. खार शिरलेली जमीन पुढची काही वर्षं भात देत नाही.

“बाबा, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही?”

बाबांनी फळी नीट बसवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मना वाटला, तुझ्या पुस्तकात भांगाचाच माप घेत असतील. मी काय सांगनार तुला?”

मी तसाच चालत पनवेलला निघालो. साहेब अंगणात स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बसले होते. मला पाहून त्यांनी हसून विचारलं, “काही विशेष?”

शनिवार आहे, हे मला तिथे पोचल्यावर आठवलं. “नाही, सहजच आलो होतो.”

“बसा ना. चहा घ्या. बाकी उद्या बोलू.”

चहा घेताना मला लाज वाटत होती आणि थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. परतीच्या वाटेवर जे मनात आलं ते लिहायला हवं. अहवालाचं एकच पान बदलायचं होतं. उद्या लवकर जाऊन ‘साहेब, उंची थोडी वाढवली तर बरं’ एवढं म्हटलं असतं तर साहेबांनी मान डोलावली असती. बांध वाचला असता, बैठकीत बेरजेची चूक सांगून झाली असती आणि पुणेही हातचं गेलं नसतं. कामोठं येईपर्यंत मी हे ठरवलंही होतं. पण घरात शिरलो तर बाबा पायरीवर बसून पायाचं मीठ धूत होते. त्यांना वाटत होतं की मी जाऊन सगळं सांगून आलो. “साहेब रागावलं काय?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “उद्या कळेल.”

रविवारी मी बेरजेची चूक सांगितली नाही. काम सांगितलं आणि मग खुंटीचं सांगितलं. ओव्हरसियरांच्या नाकातून एक आवाज आला, पण चहा आला नव्हता, म्हणून त्यांनी तो खोकल्यावर नेला. साहेबांनी चष्मा काढला.

“तिथी कोणती म्हणालात?”

“अष्टमी.”

साहेबांनी निळी वही उघडली, एक ओळ लिहिली. थांबून तिच्याखाली आणखी एक लिहिली आणि मोठ्याने वाचली : “अहवाल तपासणाऱ्याने दिवस विचारला नाही.” मग आत हाक मारली, “चहा आणा!”

कप हातात पडायचा अवकाश, ओव्हरसियर म्हणाले, “काय हो कॉलेजकुमार, तुमच्या कॉलेजात चंद्र दाखवत नाहीत वाटतं?” म्हातारे सर्व्हेअर म्हणाले, “आगऱ्याच्या घरात जन्मून भरती चुकला! वहीत एवढी मोठी चूक आजवर नाही.” सगळे हसले. काय झालं कोण जाणे, मीही हसलो. आठवडाभरात पहिल्यांदाच.

दुपारी गावची मंडळी आली तेव्हा साहेबांनी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितलं. कारण लपवलं नाही. मला एवढंच विचारलं, “पट्टी कोणी धरली होती?”

“वडिलांनी.”

“पुढच्या रविवारी त्यांना घेऊन या.”

बाबा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले. चपला बाहेर ठेवायच्या की हातात धरायच्या हे न कळून पायरीवर उभे राहिले. साहेब उठून पुढे आले आणि त्यांना टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवलं. “भरतीबद्दल सांगा आम्हाला,” ते म्हणाले.

बाबा आधी माझ्याकडे बघत बोलले, मग हळूहळू सगळ्यांकडे. “भरती एक नसते,” ते म्हणाले. भांगाची वेगळी, उधाणाची वेगळी, आणि भादव्यातलं उधाण सगळ्यांचा बाप. वारा पाठीमागून असला तर हातभर आणखी. जुन्या उघाडीचा एक दगडी खांब खाडीत अजून उभा आहे, त्याला कालवांचे शिंपले चिकटतात ते कुठवर आणि भादव्याच्या पाण्याची काळी रेघ कुठवर, हे त्यांनी टेबलाच्या पायावर बोट ठेवून दाखवलं. सर्व्हेअर लिहून घेत होते. ओव्हरसियरांनी विचारलं, “काका, ही रेघ तुम्ही सोडून कोणाला ठाऊक आहे?”

“सगळ्या गावाला ठाव हाय. इचारला कोनी?”

मग बाबा साहेबांना म्हणाले, “इथं चूक पन सांगायची असते ना? हा बोलला मना. माझी पन एक हाय.”

साहेबांनी वही जवळ ओढली.

“खुंटी ठोकताना मना कलला होता का आज भांग हाय. मी इचारला नाय. शिकलेल्या पोराला कसा इचारायचा, म्हनून गप रायलो.”

साहेबांनी ती ओळ सावकाश लिहिली. आधीच्या दोन ओळींच्या खालीच. चहा आल्यावरही पहिल्यांदा बाबाच हसले.

त्या दुपारी आम्ही सगळे खाडीवर गेलो. दगडी खांबावरच्या काळ्या रेघेची पातळी मी घेतली, पट्टी बाबांनी धरली, आकडा साहेबांनीही वाचला. बांधाची उंची नव्याने निघाली. मेच्या शेवटी साहेबांनी पुण्याचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. त्यात माझं नाव होतं. मी ओव्हरसियरांकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघता? अट वाचा,” ते म्हणाले. फॉर्मला टाचून साहेबांच्या अक्षरात एक चिठ्ठी होती : परत आल्यावर सहा रविवार इथे शिकवणे. “तुम्ही पुण्याची खाणावळ सोसा, मी इथे पोहे खात शिकतो,” ओव्हरसियर म्हणाले.

भादव्यात मी कॉलेजात होतो. बाबांनी गावच्या मास्तरांकडून कार्ड लिहून पाठवलं. त्यात एकच ओळ : पाणी आलं, बांध बघितला, परत गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत मला पुण्याच्या एस.टी.त बसवायला बाबा पनवेलच्या स्टँडवर आले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, “तिथं शिकवनार काय ते तरी सांग.”

“चिखल, बाबा. चिखल दाबला की किती बसतो ते.”

“चिखल?” त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. “तो शिकाया घाट चढून जायचा?” गाडी सुरू झाली तसे ते दोन पावलं बरोबर चालले आणि मोठ्याने म्हणाले, “बरा, जा. पन इचारत जा रं, गप रावू नको.”

पहिल्याच तासाला मी तीनदा हात वर केला. तिसऱ्यांदा शिकवणाऱ्यांनी विचारलं, “तुम्ही कुठून आलात?” मी सांगितलं, “पनवेलहून. खाडीकाठच्या कामोठ्याचा.”