हिरव्या पाण्याचा पेला

ती सासू आणि ती सून आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. एके सकाळी मांडवीकडचे एक वयस्कर गृहस्थ ठाण्यात आले. त्यांची बहीण सिव्हिलमध्ये दाखल होती. लघवी बंद पडलेली, अंग सुजलेलं. खुर्ची दिली तरी बसेनात.

"साहेब, तिच्या सुनेने घातलंन काय तरी पोटात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रोज सकाळी हिरवं पाणी देत्ये पेल्यातून."

बहिणीचा मुलगा आखातात नोकरीला. घरात सासू-सून दोघीच. आम्ही पंचांसमक्ष झडती घेतली. पडवीत मुलाची जीप झाकून ठेवलेली आणि तिच्या मागे कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या विषारी द्रवाचा, अर्धा कॅन. रंग हिरवागार! कॅन जप्त केला. इस्पितळाने पहिल्याच दिवशी नळी घालून काढलेला लघवीचा जो थोडा नमुना राखून ठेवला होता, तोही ताब्यात घेतला. म्हातारीला डायलिसिससाठी मुंबईला हलवलं.

सुनेला महिला शिपायासमोर बसवून विचारलं, "पेल्यात काय होतं?"

"औषध."

"कसलं?"

समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. गुन्हेगार माणूस भराभरा बोलतो हा माझा अनुभव. ही तोंड उघडेना, आणि उघडलंच तर शिपाईबाईंना सासूबद्दल विचारायची, "मुंबईहून फोन आला काय ओ? अम्मींनी पेज घेतलीन काय?"

विष घालणारी पेजेची चौकशी कशाला करील? पण मनातलं केस डायरीत लिहिता येत नाही.

त्यातच मुंबईच्या डॉक्टरांचा अहवाल आला. म्हातारीच्या मूत्रपिंडात ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडले होते, आणि कूलंट पोटात गेलं की असेच स्फटिक होतात. झालं! तक्रार घेऊन आलेल्या त्या मामांनी मोहल्लाभर सांगितलं. नवऱ्याने आखातातून फोन केला, "तिने केलं असेल तर मला तिचं तोंडही बघायचं नाही." वरिष्ठ म्हणाले, अटक करा, खुनाच्या प्रयत्नाचं तीनशे सात कलम लावा. पोरीचा संसार आणि माझी सही यांच्यात एका कागदाचं अंतर उरलं होतं.

पण ती पेज माझ्या डोक्यातून जाईना. त्या डॉक्टरांनीच मुंबईतल्या एका संशोधक बाईंचं नाव सुचवलं होतं. त्या मेटाबोलोमिक्स नावाच्या नव्या शास्त्रात काम करत. मी वरिष्ठांकडून थोडी मुदत मागून घेतली, राखलेल्या नमुन्याचा भाग त्यांच्याकडे पाठवला आणि फोनवर म्हटलं, "बाई, मला कळेल असं सांगा."

त्या हसल्या. "साहेब, तुम्ही एका संशयिताचा फोटो घेऊन फिरता ना? मी नाक्यावर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद घेते. आपण काय खाल्लं, काय आजार आहे, काय विषारी पोटात गेलं, या सगळ्याचे बारीक अंश रक्तात आणि लघवीत उतरतात. ते सगळे एकदम बघायचे."

थोड्या दिवसांनी त्यांचाच फोन आला. "साहेब, शरीर कूलंट मोडतं तेव्हा ग्लायकोलिक आम्ल तयार होतं. ते इथे औषधालाही नाही. ऑक्झलेट मात्र ढीगभर. हे कूलंट नव्हे. काही आंबट पदार्थांतही ऑक्झलेट ठासून भरलेलं असतं. ही बाई असलंच काहीतरी जहाल आंबट खात होती. काय पाजलं ते नका विचारू, घरात आंबट काय आहे ते विचारा."

मी तडक त्या घरी गेलो. परसात बिंबलाचं झाड, बुंध्यापासून फळांनी लगडलेलं. बोटाएवढी हिरवी फळं, आंबट अशी की दात शिवशिवावेत. आमच्याकडे माशाच्या कालवणात दोन-चार घालतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"पेल्यात बिंबलाचा रस होता ना?"

सून दचकली. "मी नाय हं सांगितलं! अम्मींनी शपथ घातलेली." आणि जी रडू लागली! म्हातारीला मधुमेह. मुलाने आईला बजावलं होतं, साखर उतरली तरच हजला नेईन, आणि गावठी औषधं बंद. कोणीतरी म्हातारीच्या कानात भरवलं की बिंबलाने साखर उतरते. ती रोज उपाशीपोटी पेलाभर रस पीत होती, आणि ही प्रेमाने पिळून देत होती.

"अगो, तुरुंगात गेली असतीस!"

"परसातल्या फळानं काय होतंय, साहेब? आणि मुलाला कळलं असतं तर अम्मींचं हजला जाणं राहिलं असतं."

अर्धा अहवाल हातात घेऊन अटकेला धावू नये, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. पुढे तपासात मी 'काय घातलं' याच्या आधी 'घरात काय खाता' हे विचारू लागलो.

म्हातारी वाचली. ती घरी आल्यावर मी जबाब घ्यायला गेलो. मामा मान खाली घालून कोपऱ्यात बसले होते. जबाबावर अंगठा दिला आणि म्हातारीने मला रोखून बघितलं.

"माझ्या पोरीला ठाण्यात बसवलंत म्हणे?"

"चौकशी करावी लागते, आजी."

"ती करा. जेवायला घातलंत काय तिला?"

"घातलं होतं. पण ती जेवली नाही. तुम्ही पेज घेतलीत का, एवढंच विचारत होती."

म्हातारीने सुनेला जवळ ओढलं, पाठीत एक धपाटा घातला आणि तिला पोटाशी धरून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसत मला म्हणाली, "आता तिचं ताट वाढत्ये. ती जेवेपर्यंत तुम्ही उठायचं नाय."

मी टोपी मांडीवर ठेवून बसून राहिलो. ती शेवटचा घास खाईपर्यंत.