साडेबाराचं विमान

आमच्या घरात माणसं तोलायचा काटा आहे. शेजारच्या मांबलम स्टेशनातून गाडी सुटली की त्याची सुई हलते. वर कोणी उभं नसतं, तरी हलते. जमीन हादरते म्हणून हलते, एवढं मला कळतं. पण बायको गेल्यापासून दुपारी साडेबाराला ती हलली की मी त्या खोलीत थांबत नाही. बाहेर जिन्यावर जाऊन बसतो.

काटा विमान कंपनीचा. कंपनी बंद झाली त्या दिवशी कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पंखा नेला. मी हा आणला. बायकोनं त्याच्यावर एकदाही पाय ठेवला नाही. केरसुणीसुद्धा बाजूनं फिरवायची.

माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेही तमिळ शाळेत. मराठी घरातली, तंजावरहून आजोबांबरोबर आलेली. ती लिहायला मला बायकोनं शिकवलं, किराणाच्या यादीवर. यात चुका असतील तर त्या माझ्या, तिच्या नव्हेत. जन्मभर मी तोलाई केली. आधी लॉरी ऑफिसात, मग म्हातारपणी विमानतळावर. वस्तू हातात घेतली की वजन सांगायचो. बाजारात बायको भोपळा माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "किती?" मी सांगायचो. मग ती भाजीवाल्याच्या काट्याकडे बघत राहायची आणि माझं बरोबर आलं की त्यालाच टोमणा मारायची, "बघ रे, आमच्याकडचा काटा जेवतोसुद्धा."

आमचं विमान एकोणीस माणसांचं. एवढ्या लहान विमानात अंदाज चालत नाही. बॅग तोलायची, बॅगवाल्यालाही तोलायचं. बायका लाजायच्या. जाड माणसं माझ्यावरच चिडायची. मी आकडा मोठ्यानं कधी बोललो नाही, नुसता कागदावर लिहायचो.

लोक मला विचारतात, असल्या कंपन्या का बुडतात, मालक लबाड असतो का. आमचा लबाड नव्हता. आमचे मॅनेजर पुण्याकडचे, तरुण, मला काका म्हणायचे. त्यांनी मला एकदा समजावलं होतं, "काका, सकाळच्या थंड वेळा मोठ्या कंपन्यांनी आधीच धरून ठेवल्यात. आपल्याला उरली ती भर दुपार." दुपारी हवा तापून पातळ होते. पंखांना धरायला काही राहत नाही. उन्हाळ्यात साडेबाराला आमचं विमान एकोणीस माणसं घेऊन उठायचंच नाही. पंधरा घ्यायचं, कधी चौदा. तेल, वैमानिक, विमानतळाचं भाडं मात्र भरलेल्या विमानाएवढंच. वैमानिक हाताखाली तयार झाला की मोठी कंपनी त्याला उचलून न्यायची. विमानं दोन होती, पण एकाचा भाग बिघडला की दुसऱ्याचा काढून त्यात बसवायचे, कारण नवा भाग परदेशातून कधी येईल याचा नेम नाही. असं करता करता दुसरं विमान कोपऱ्यात नुसता सांगाडा होऊन उभं राहिलं. त्याच्या नाकावर कावळे बसायचे. मोठ्या कंपनीचं एक विमान आलं नाही तर दुसरं येतं. आमचं आलं नाही तर त्या दिवशी कंपनीच नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी त्या विमानावर भरवसा ठेवला.

बायकोची अक्का, थोरली बहीण, दक्षिणेत लांबच्या गावाला असायची. तिथं आमचं विमान जायचं. त्या उन्हाळ्यात अक्काच्या घरून निरोप आला की आता फार दिवस नाहीत. आई-बाप, भाऊ कोणी उरलेलं नव्हतं. बायको म्हणाली, "अक्का सवाष्ण आहे. माहेरचं माणूस म्हणून मीच राहिले. माहेरची ओटी घेतल्याशिवाय तिला जाऊ देणार नाही मी." तिच्या कमरेचे मणके सरकलेले. बसनं रात्रभर बसून जायचं डॉक्टरनं बंद केलेलं. रेल्वे थेट नव्हती. मी म्हटलं, विमानानं जा. नोकरांच्या घरच्या माणसाला फुकट बसता येत होतं, जागा उरली तर.

जागा कशानं अडते ते मीच तिला घरी बोललो होतो, दुपारी वजन भारी पडतं म्हणून. तिनं ते मनात धरलं. दोन दिवस ती धड जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भूक नाही." बॅग घेतली नाही, एक कापडी पिशवी. तीत एक लुगडं, खण, तांदळाची पुरचुंडी, हळदकुंकू आणि नारळ.

विमानतळावर ती माझ्या काट्यावर उभी राहिली. चपला काढून. मी म्हटलं, "चपला काढायच्या नसतात."

"असू दे हो. तेवढंच कमी."

शेहेचाळीस किलो. इतकी वर्षं संसार केला, पण तिचं वजन मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग पिशवी ठेवली. मी म्हटलं, "नारळ काढ. तिकडे मिळेल."

"माहेरचा नारळ तिकडच्या दुकानात कसा मिळेल?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, नारळ काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. सहाशे ग्रॅमच्या आसपास होता. मी सवयीनं हातात घेऊन बघितला.

ती विमानात जाऊन बसली. खिडकीतून हात केला. तेवढ्यात ऊन आणखी चढलं आणि वैमानिकानं वजनाचा आकडा कमी करून मागितला. वजन चाळीस किलोनं जास्त होत होतं. पैसे भरलेल्या माणसाला उतरवता येत नाही. मॅनेजर माझ्याकडे आले. त्यांच्या हातात माझाच कागद होता.

"काका, एकदा आकडे परत बघता का? कुठं दोन-चार किलो इकडेतिकडे लिहिले गेले असतील."

त्यांनी मला वाट दिली होती. तसं काही ठिकाणी करतात, हे मी ऐकून होतो. दहा-बारा नावांपुढे थोडं थोडं कमी लिहिलं असतं तर चाळीस किलो कागदावरून गेले असते. मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत." जन्मभर खोटं वजन लिहिलं नव्हतं. आत एकोणीस जागांत चौदा माणसं बसली होती, त्यांचा जीव होता. मी बरोबर केलं. आजही करीन. पण बरोबर केलं म्हणून ते छातीवरून उतरत नाही.

तिला उतरवायला मीच गेलो. परक्यानं सांगायला नको म्हणून. ती पट्टा बांधून बसली होती. "उतर," म्हटलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. पट्टा सोडता येईना तेव्हा फक्त म्हणाली, "हा काढून द्या."

टेबलापाशी येऊन तिनं नारळ परत पिशवीत टाकला. म्हणाली, "भाड्याची मोटार करा. मागच्या सीटवर आडवी पडून जाते. आत्ता निघाले तर रात्री पोचेन."

"कमर मोडून घ्यायची आहे का? उद्याचं विमान आहे. उद्या नक्की बसवतो."

"नक्की?"

"नक्की."

मॅनेजरही म्हणाले, "काकू, उद्या पहिलं नाव तुमचं." त्यांना तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी विमान आलंच नाही. अक्काच्याच गावी उभं राहिलं, कसलासा पंप गेला होता, आणि सांगाड्यातला पंप आधीच काढून झाला होता. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत त्या खुर्च्यांवर बसलो. ती पिशवी मांडीवर धरून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोटार बोलावली. मोटार दारात उभी असताना अक्काच्या घरून फोन आला.

बायको निघाली नाही. म्हणाली, "आता कोणासाठी?" नारळ तिनं फोडला नाही, कोणाला दिलाही नाही. फळीवर ठेवला. आतलं पाणी आटलं, हलवला की गोळा वाजायचा. बऱ्याच दिवसांनी तो तिथं दिसला नाही. मी विचारलं नाही.

थोड्या महिन्यांनी कंपनी बंद झाली. मॅनेजर ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात लागले. जाताना माझ्या पाया पडले.

त्यानंतर बायकोनं मला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही. पण बाजारात भोपळा माझ्या हातात देणं बंद केलं. "किती?" हे तिनं परत कधी विचारलं नाही. मी पिशवी धरून मागे उभा राहायचो आणि वाट बघायचो.

मागल्या वर्षी ती गेली. सवाष्ण म्हणून शेजारच्या बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. ओटीचं ताट भरून ठेवलं होतं. मी पुढे झालो आणि त्यातला नारळ उचलला. पुरुषमाणसानं ओटीला हात लावायचा नसतो. मला ते कळत होतं.

हातावर घेतला. लहान होता, चारशे ग्रॅमसुद्धा नाही.

मी म्हटलं, "हा हलका आहे. दुसरा आणा. दुकानात सगळ्यात जड असेल तो."

एक म्हातारी हळू म्हणाली, "मामा, आता त्यानं काय होतंय?"

"आणा," मी म्हटलं. "आणल्याशिवाय हिला उचलायचं नाही."

माणसं थांबली. नारळ आला. मी तोलून बघितला आणि मान हलवली, मग त्यांनी तिची ओटी भरली.