कानिशायच्या काळजाची झडप

आमच्या कानिशायताईचं काळीज चांगलं होतं, झडप तेवढी वाईट होती. लहानपणी तिचा घसा सुजायचा, गुडघे सुजायचे. बाप मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात, आई चरबी चोळून मोकळी. त्या दुखण्यानं आतून हृदयाची झडप खाल्ली, ते कळलं तिच्या पंचेचाळिशीत.

ती माझी थोरली जाऊ. वयानं मोठी, पण एका चुलीशी वर्षं काढली म्हणून मी तिला अगं-तुगंच करते. आमच्या किर्गिझ डोंगरातल्या कोचकोर गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती. कामाला वाघ आणि तोंडाला त्याहून. पोरांना वाढता वाढता मास्तरांच्या नकला करायची, आणि मास्तरच जास्त हसायचे. मग एका हिवाळ्यात तिला पातेलं उचलवेना. चुलीपासून दारापर्यंत गेली की खाली बसायची, ओठ निळे पडलेले. मी ओरडायचे, कानिशायताई, बस गं जरा. ती म्हणायची, बसलेच आहे की, आता काय झोपू?

त्यानंतर आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. गावची डॉक्टरीण म्हणाली, नारीनला मोठ्या दवाखान्यात जा. नारीनवाले म्हणाले, इथं होत नाही, राजधानीत, बिश्केकला जा. बिश्केकच्या खिडकीतली बाई म्हणाली, तुम्हाला गावच्या डॉक्टरनं पाठवायला हवं, चिठ्ठी कुठाय? म्हणजे परत गावात. घाट चढताना ताई गाडीत श्वास शोधायची आणि मी मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करायचे.

आणि घरी काय? घरी पुरुषमंडळींची परिषद. शेजारचे कुबात मास्तर म्हणायचे, सोव्हिएत काळात नर्स घोड्यावर बसून कुरणात यायची, एक पैसा लागायचा नाही. माझा नवरा म्हणायचा, जर्मनीसारखं कुठं नाही. तिथं राहणारा त्याचा मावसभाऊ फोनवर सांगायचा, बाबा रे, इथंही नंबर लागायला महिने जातात. ताईचा नवरा एसेन मॉस्कोत विटा रचतो. तो फोनवर म्हणायचा, इथं दवाखाने राजवाड्यासारखे आहेत, पण पासपोर्ट त्यांचा हवा, आपल्याला दारातला पहारेकरीच तपासतो. मग कोरिया, मग तुर्कस्तान. सगळ्या जगाचे दवाखाने चहासाठी अंथरलेल्या आमच्या फडक्यावर येऊन बसायचे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जिच्यासाठी हे चाललंय ती कोपऱ्यात बसून त्यांना चहा ओतत होती, हे एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं.

शेवटी देवाला दया आली. तुर्कस्तानचे डॉक्टर वर्षातून एकदा बिश्केकला यायचे, थोडे दिवस राहून झडपा बदलून जायचे, पैसे घ्यायचे नाहीत. त्यांच्या यादीत ताईचं नाव लागलं. आम्ही दोघी निघालो, आणि सासूबाई हटून बसल्या म्हणून त्याही. खाटा भरलेल्या होत्या, म्हणून दवाखान्यानं आदल्या दिवशी तपासण्या करून घेतल्या आणि सांगितलं, सकाळी थेट या, रिकाम्या पोटी. रात्री तिथल्याच नणंदेकडे उतरलो.

सकाळी मी पिशव्या घेऊन पुढं झाले. टॅक्सीत सामान ठेवून वळले तर दारात सासूबाई, हातात नान, नानवर साय, दुसऱ्या हातात दुधाचा चहा. भरल्या घरातून नानला तोंड न लावता बाहेर पडायचं नाही, हे आमच्याकडे लेकरांनाही कळतं. आणि एवढ्या मोठ्या कामाला निघालेली सून! ताईनं तुकडा मोडला, खाल्ला, चहाचा घोट घेतला, सासूबाईंनी तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि त्या नणंदेकडेच थांबल्या. मी पाहिलं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ते काय जेवण आहे का? तो तर मान आहे.

भूल देणाऱ्या डॉक्टरणीनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत? ताई म्हणाली, "छे. फक्त नानला तोंड लावलं."

बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. चिडलीसुद्धा नाही. म्हणाली, भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात गेलं तर तुम्ही टेबलावरच जाल, मी हात लावणार नाही. पुढचे सगळे दिवस भरलेले होते. बाहेर बसलेल्या एका पोरीला ताईच्या जागी आत नेलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण हे कुणाचं कर्म होतं, मला अजून सांगता येत नाही.

जिन्यात ताईनं माझं मनगट धरलं. "आईंना सांगायचं नाही. यंत्र बिघडलं म्हणायचं. त्यांना कळलं तर त्या जिवंतपणी मरतील."

मी म्हटलं, आणि तू गं? ती माझ्या मनगटाचा आधार घेत पुढची पायरी उतरली.

झालं. सासूबाईंनी वर्षभर त्या डॉक्टरांना शिव्याशाप दिले. आल्यागेल्याला सांगायच्या, माझ्या सुनेला दारातून हाकललं, आपल्या देशात माणसाची किंमत मेंढीइतकी नाही. कुबात मास्तर मान डोलवायचे, घोड्यावरच्या नर्सची गोष्ट पुन्हा सुरू. मी दात आवळून बसायचे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला वर्षभर गप्प बसणं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. ताईनं शाळा सोडली. उशा रचून बसल्या बसल्या झोपायची, पाय सुजून बूट चढेना.

वर्ष फिरलं आणि दवाखान्यातून फोन आला: तुर्की डॉक्टर येताहेत, पहिलं नाव तुमचंच धरलंय. मला वाटलं, सुटलो. तर सासूबाई उभ्या राहिल्या. "त्या दारात माझी सून पुन्हा जाणार नाही. एसेनला सांगा, रशियात बघ म्हणावं." पुरुषांनी लगेच री ओढली. रशिया बरा, नाही नाही, तुर्कस्तानलाच नेऊ. घरातल्या थोरल्या बाईचा शब्द कोण मोडणार? ताईनं मान खाली घातली आणि म्हणाली, आई म्हणतात तसं.

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "आई, यंत्र बिघडलं नव्हतं. तुम्ही दिलेला घास तिच्या पोटात होता, म्हणून परत पाठवलं. वर्षभर ती तुमच्यासाठी गप्प बसलीय, आणि तुम्ही तिला मारायला निघालात."

ताई माझ्याकडे असं बघत होती की मला वाटलं हिनं एक मुस्काटात मारावी, बरं वाटेल. सासूबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठल्या, पेटीतून चांगला पांढरा रुमाल काढून डोक्याला बांधला आणि म्हणाल्या, गाडी सांगा.

या खेपेला वाटेत कुणी पाण्यालाही शिवलं नाही. सासूबाईंनी स्वतःही काही खाल्लं नाही.

तुर्की डॉक्टरनं ताईला तपासलं, पडद्यावर हृदय दाखवलं, आपल्या माणसांशी हळू बोलला. मग भूल देणारी तीच बाई आम्हाला रशियनमध्ये सांगायला बसली, शहरातल्या दवाखान्यात तीच भाषा चालते. हृदय फार फुगलंय, ताकद उरलेली नाही, आता कापलं तर टेबलावरून उठणार नाही. गेल्या वर्षी जमलं असतं. आता फक्त गोळ्या. कुठल्याही देशात नेलंत तरी हेच सांगतील, एवढंही म्हणाली, आणि माझा हात दाबून निघून गेली.

सासूबाईंना रशियन येत नाही. उभं आयुष्य वर डोंगरात गेलं, खाली शहरात राहिल्या किती! त्या आमच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणाली?"

ताई हसली. "औषधं बदलून दिलीत, आई. सूज उतरली की पुढच्या वर्षी करू म्हणतात. सध्या गरज नाही."

म्हातारीनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. मीच तिला खरं सांगितलं होतं ना, म्हणून आता तिचा भरवसा माझ्यावर.

"तू सांग. हेच म्हणाली?"

ताई माझ्याकडे बघत नव्हती. खाली वाकून सुजलेल्या पायांवर मोजे चढवत होती.

"हो आई," मी म्हटलं. "अगदी हेच."