निरंक लिहिलेलं घर

मी आमच्या तांड्याची आशा वर्कर. दारव्ह्याहून जीपनं फाट्यावर उतरायचं अन् मंग पायी, असा आमचा तांडा. तोंड माह्यं फाटकं आहे, हे मीच सांगून टाकतो, दुसऱ्या कोणाले कष्ट नको. कोणाच्या न्हाणीजवळ डबकं दिसलं की पयले शिव्या अन् मंग आरोग्यशिक्षण. माह्या नवऱ्याचं म्हणणं, डास औषधानं नाही, तुह्या तोंडालेच भिऊन पळतात.

आमच्याकडं नळ दहा-बारा दिवसांनी येते. आला की अख्खा तांडा येडा होते. ड्रम, टाकं, गुंड, बकेटी, लेकराच्या आंघोळीचं घमेलंसुद्धा भरून ठेवतात. अन् मले वरून हुकूम, की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. ज्यानं हा हुकूम लिहिला त्याच्या घरी चोवीस तास पाणी असन, बापा. तरी मी पाळून घेत होती. डेंगूचा डास साफ पाण्यातच अंडी घालते, हे सांगू सांगू घसा बसला माहा. अळ्या दिसल्या की घरच्यांच्या डोळ्यांदेखत ड्रम आडवा. बाया भांडल्या, रडल्या, एका म्हातारीनं तं मले चप्पल फेकून मारली. मी कोणाचं ऐकलं नाही.

एकाच घरी माहा हात थांबला. ते घर माह्या धाकट्या जावेचं. आमची भिंत एकच. दीर पुण्याकडं कामाले, घरी ती अन् पाच वर्षांची पोरगी. त्या खेपेला नळ आला तेव्हा जाऊ निंदायले गेलती. घरी येऊन पाह्यते तं नळ गेलेला. मंग दोन दिवस शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर गुंड आणू आणू तिनं ड्रम भरला. तळाशी जुनं पाणी होतं, त्याच्यावरच नवं ओतलं.

तपासणीच्या दिवशी ती घरात पोरीची वेणी घालून राह्यली होती. मी झाकण काढलं, बॅटरी मारली. अळ्या होत्या. वळवळत होत्या, चांगल्या दिसत होत्या. ड्रम गळ्यापर्यंत भरलेला. मले तिची मान दिसली, दोन दिवस गुंड वाहून आखडलेली.

पोरगी अर्धी वेणी घेऊन बाहेर पळत आली. टाक्यांमध्ये सोडायले मी बरणीत गप्पी मासे घेऊन फिरतो, ते तिले माहीत होतं. "मोठी याडी," ती म्हणे, मोठ्या आईले आमच्यात तेच म्हणतात, "आमच्या ड्रमात मासे आहेत का?"

"काही नाही वं बाई," मी म्हणलं अन् झाकण लावलं.

वहीत त्या घरापुढं लिहिलं, निरंक, म्हणजे अळ्या नाहीत. मनात होतं, चार दिवसांत ड्रम तळाले जाईन, तेव्हा मी स्वतः घासून देईन. चौथ्या दिवशी एका बाईच्या कळा सुरू झाल्या, तिले घेऊन दवाखान्यात गेली. पाचव्या दिवशी मीटिंग. मंग मी विसरली. दुसरा शब्द नाही त्याले.

शनिवारी देवळाच्या भोंग्यावरून आठवड्याची खबर सांगायचं काम माह्यंच. कोरोनापासून लोकांले त्या खबरीची सवय लागलेली. माह्यं तोंड कोणाले आवडत नसन, पण भोंग्यावरचं माह्यं बोलणं तांडा खरं मानते. मी सांगलं, "ह्या आठवड्यात आपल्याकडं एकाही घरी अळ्या भेटल्या नाहीत. डेंगू नाही. घाबरू नका."

त्यानंतर जाऊ पोरीले घेऊन दोन दिवस दिग्रसकडं भावाच्या तांड्यावर जाऊन आली. अन् मी यवतमाळले चार दिवसांच्या प्रशिक्षणाले गेली. माह्यामागं पोरीले ताप भरला. शेजारणीनं म्हणलं होतं, रक्त तपासून आण. जाऊ तिले म्हणाली, "माह्या जावेनं भोंग्यावरून सांगलं ना, आपल्याकडं डेंगू नाही म्हणून. साधा ताप असन." मेडिकलातून बाटली आणली अन् पाजत राह्यली.

मी परत आली तं जाऊ दारातच खुशीत. "उतरला वं बाई ताप, आज सकाळीच उतरला." मी आत गेली. पोरीचे हातपाय थंडगार. पोट धरून पडलेली. हिरड्यांतून रक्त. डेंगूत ताप उतरते तेव्हाच खरा धोका असते, हे मी गावाले शिकवतो. जीप केली, दारव्हा गाठलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं यवतमाळ. यवतमाळच्या तोंडाशी लोहारा आलं तेव्हा ती पाणी मागत होती. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी गेली.

माती देऊन माणसं परतली, त्याच दिवशी मी जावेचा ड्रम पालथा केला अन् खसाखसा घासून उन्हात टाकला. लोक म्हणले, जाऊ असावी तं अशी. माय वं! त्या एका वाक्यानं मले जेवढं जाळलं, तेवढं त्या म्हातारीच्या चपलीनंही नाही.

मंग चौकशीले आरोग्य खात्याची माणसं आली. ड्रम कोरडा ठणठणीत. माही वही पाह्यली, निरंक. साहेबांनी इचारलं, लेकरू बाहेरगावी गेलतं का? जाऊ म्हणाली, मामाकडं गेलतं. मामाच्या तांड्यावर तपासलं, तिथं एका टाक्यात अळ्या भेटल्या. कुठं भेटत नाहीत? कागदावर आलं, लागण बाहेरगावची. मी बाजूलाच उभी होती. ज्या तोंडाचा मले एवढा तोरा, ते तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून जावेनं भाऊ तोडला. फोनवर म्हणाली, "तुह्या घरच्या पाण्यानं माही पोरगी खाल्ली. मेली तरी तुह्या दारात पाय ठेवणार नाही." एकुलता एक भाऊ तिचा. आईबाप लहानपणीच गेलेले, त्यानंच तिले वाढवलं, त्यानंच लग्न लावून दिलं. दिवाळीले तो साडी घेऊन आला. हिनं दार उघडलं नाही. तो माह्या ओट्यावर येऊन बसला. मी चहा दिला. तो कपात पाहत म्हणे, "ताई, मी तं टाकं घासलं होतं वं. बाई येणार म्हणून आदल्या दिवशीच घासलं होतं. मंग कसं झालं?" बहिणीले तो बाई म्हणते.

मी म्हणलं, "चहा घ्या, दादा. थंडा होऊन राह्यला." एवढंच बोलली मी. थू माह्या जिनगानीवर.

पुढच्या दिवाळीले तो आलाच नाही. कोणाकडून तरी कळलं, त्यानं अंगणातलं टाकं फोडून टाकलं अन् आता घरची माणसं दूरच्या हापशीवरून पाणी वाहतात. ते ऐकलं तेव्हा मले जेवण गेलं नाही. तीन दिवस मनाशी भांडली. चौथ्या दिवशी दुपारी जाऊ तूर पाखडत बसली होती, तिच्यापुढं जाऊन बसली.

"तुह्या ड्रमात अळ्या होत्या," मी म्हणलं. "मी पाह्यलत्या. तुह्या मेहनतीचं पाणी म्हणून सांडलं नाही. निरंक लिहिलं. अन् भोंग्यावरून खोटं बोलली. पोरगी माह्यानं गेली. तुह्या भावाचा दोष नाही."

मले वाटलं, आता सुपानं मारन. मारलं असतं तं बरं झालं असतं. तिनं सूप खाली ठेवलं. रडली नाही. मंग उठली, घरातून मोबाइल आणला, बोटानं नंबर शोधला, लावला अन् माह्या हातात दिला.

"मले काहून सांगतं?" ती म्हणे. "त्याले सांग."

मी कानाले लावला. दोनदाच रिंग गेली. त्यानं स्क्रीनवर बहिणीचं नाव पाह्यलं असन. माह्या तोंडून शब्द निघायच्या आधीच तो हुंदके देऊन रडायले लागला, "बाई! बाई, तू फोन केला? शिव्या दे मले, पण बोल वं."

जाऊ माह्यासमोर उभी होती, डोळ्यांची पापणी न हलवता.

"दादा," मी म्हणलं, "बाई नाही. मी बोलून राह्यली, तिची जाऊ. तुमचं पाणी साफ होतं."