सुजाताच्या बाजूचं गणित

अनिलचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीला आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा घेत होते. अनिल हा सुजाताचा धाकटा भाऊ. एरवी त्याचा फोन येतो तो वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव चढला की, तेही हौसेनं सांगायला. म्हणून मी उचलला नाही. तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. शेवटी व्हरांड्यात जाऊन जरा खेकसूनच म्हटलं, "काय रे बाबा, परीक्षा चालू हाय." तो म्हणाला, "कमलताई, ताई गेली. सकाळी च्या घेतला, खुर्चीत बसली, आन्..." मी आत आले, उरलेल्या मुलांच्या वह्यांवर सह्या केल्या, लंबकाचे झोके मोजणाऱ्या एका पोरीला "परत मोज" म्हणून दटावलंसुद्धा. मग एसटीत बसले. औंढा मागं पडल्यावर शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, तेव्हा कळलं की आपण रडून राहिलो आहोत.

आमची ओळख एम.एस्सी.च्या वर्गातली. ती वसमतच्या एसटी कंडक्टरची लेक, बुद्धविहारात अभ्यास करून मोठी झालेली. मी कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची. सुट्टीत ती पहिल्यांदा आमच्या तांड्यावर आली, तेव्हा माझ्या आईनं, म्हणजे याडीनं, तिला विचारलं, "तुमी दोघी एवढं शिकून करणार काय?" सुजाता म्हणाली, "याडी, एक जड कण असतो. तो फुटला की त्याचे तुकडे कसे पडतात, ते सांगणार." याडी म्हणाली, "फुटला का मग?" "न्हाई, अजून फुटायचाय." "आगं बया, मग आत्तापासून काहून डोकं धरून बसल्या?" पुढं कितीतरी वर्षं आमच्या धंद्याची याहून चांगली व्याख्या मला कुणी ऐकवली नाही.

धंदा खरोखर एवढाच. परदेशातल्या मोठाल्या यंत्रांत टकरी घडवून जड कण तयार करतात. ते जन्मतात आणि पापणी लवायच्या आत फुटतात. बहुतेक वेळा ठरल्या वाटांनी, पण क्वचित एखादा कण आडवाटेनं फुटतो. ही आडवाट किती क्वचित दिसायला हवी, हे आम्ही आजच्या सिद्धान्तावरून आधी कागदावर काढायचं. यंत्रात ती तेवढ्याच वेळा दिसली तर सिद्धान्त टिकला. कमीजास्त दिसली, तर आतमध्ये आजवर कुणाला ठाऊक नसलेलं काहीतरी हात घालून राहिलंय. म्हणून आमचा आकडा चोख पाहिजे. आणि असल्या लांबलचक गणितात चूक होतेच होते, म्हणून एकच गणित दोघांनी वेगवेगळं करायचं, एकमेकांच्या कागदांत डोकावायचं नाही आणि अखेरीस आकडे समोरासमोर ठेवायचे. ही आमच्यातली जुनी रीत. माझी बाजू कॉम्प्युटरची. सुजाताची हाताची. "तू बटन दाबून भाकरी थापतीस," असं ती मला चिडवायची. मीही म्हणायची, "अन् तू जात्यावर दळत बस."

वडील वारले आणि आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून ती मोठ्या संस्थेतली जागा सोडून वसमतला परत आली. गल्लीत कुजबूज व्हायची, बाईला कामावरून काढलं वाटतं. तिला काडीचा फरक पडला नाही. मागच्या खोलीत टेबल टाकलं, खिडकीत पंखा बसवला आणि तिथून जगाशी कामकाज सुरू केलं. माझे रविवार वसमतच्या गाडीत जाऊ लागले. गणितावर एक शब्द बोलायचा नाही, हा दंडक. मग बोलायचो काय? कुणाचं लग्न जमलं, सिद्धेश्वरच्या धरणात पाणी किती आलं, तिची माय मिरचीत मीठ जास्त कसं घालते... आणि दोघींच्या मनात तेच गणित घोळत असायचं.

एकदा आमचे आकडे पहिल्याच फटक्यात जुळले. अगदी शेवटच्या अंकापर्यंत! पेढे आणले, शोधनिबंध धाडला. आणि परदेशातून एकानं ई-मेल केली, की तुमचा आकडा चुकलाय. काय झालं होतं? त्या जड कणाच्या पोटात क्वार्क नावाचा आणखी बारका कण असतो, त्याचं वस्तुमान सांगायच्या दोन रीती आहेत. आमच्या सूत्राला एका रीतीचं हवं होतं आणि सुजाताच्या फाईलमध्ये दुसऱ्या रीतीचं पडलं होतं. वेळ वाचावा म्हणून तीच फाईल मी घेतली होती. दोघी मिळून एकाच खड्ड्यात पडलो, म्हणून तर इतक्या छान जुळलो! ती पोट धरधरून हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, "कमे, यापुढं पीठ वेगळं, पाणी वेगळं, चूलसुद्धा वेगळी. आपण भांडलो नाही तर आपला उपयोग काय?"

शेवटचं गणित सर्वांत मोठं होतं. यंत्रातलं मोजमाप आता कधीही जाहीर होईल अशी बातमी होती. आकडा त्याच्या आधी मांडायला हवा. नंतर मांडला तर जुळवून आणला असंच म्हणणार, आणि म्हणायलाच पाहिजे. माझी बाजू पूर्ण झाली होती. तिची अर्ध्यावर होती. शेवटच्या रविवारी मी निघताना म्हटलं, "आवर की गं लवकर." ती म्हणाली, "येऊन राहिलंय. धीर धर." आणि ती गेली.

लोक म्हणाले, परदेशात कुणालातरी करायला सांगा. पण तिकडं बहुतेक सगळे मी वापरते तोच प्रोग्रॅम वापरतात. तो माझंच म्हणणं मला परत सांगणार. हातानं, प्रत्येक कणाचं वस्तुमान सांभाळत, लांबच्या वाटेनं जाणारी एकटी सुजाता होती. शेवटी मी मायला विचारलं, "मी तिच्या खोलीत बसू का?" माय म्हणाली, "बस की. मला इचारतीस काहून? आतून कागदाचा आवाज आला तर मलाबी बरं वाटंल."

तिचे कागद जिथं थांबले होते तिथून मी पुढं सुरू केलं. सुट्टी टाकली आणि तिथंच राहिले. सुजाताची रीत मला झेपायची नाही. मी घाईची बाई. बिचारी मान मोडून कशी बसत असेल, ते तेव्हा समजलं. आणि एक भीती सतत होती. उत्तर मला ठाऊक होतं. माझाच हात, माझंच डोकं. नकळत मी त्या आकड्याकडं वळणार, सगळं गोड जुळणार आणि ते जुळणं कवडीमोल असणार. त्या खोलीत मला जेवढं एकटं वाटलं तेवढं तिच्या अंत्यविधीलाही वाटलं नव्हतं. तिथं माणसं तरी होती.

शेवटचं पान झालं. आकडे शेजारी ठेवले.

जुळले नाहीत.

मी वेड्यासारखी हसले. मग शोधत बसले. आधी तिची बाजू तपासली, कारण सवय... चूक तिचीच असणार हे मी कायम आधी धरून चालते. तिथं काही सापडेना. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये निघाली. चार्म नावाच्या एका हलक्या क्वार्कचं वस्तुमान मी एका जागी सोयीसाठी शून्य धरलं होतं आणि ते परत घालायचं राहून गेलं होतं. तिच्या कागदांवर मात्र ते पहिल्या पानापासून जपून ठेवलेलं होतं, आणि त्याच वाटेनं चालताना मलाही ते गाळता आलं नव्हतं. दुरुस्त केलं आणि आकडे जुळले. मी मोठ्यानं म्हटलं, "सुजे, तुझंच बराबर, बाई!"

माय दारात आली. "कोणाशी बोलून राहिलीस?"

"सुजीशी भांडून राहिले, माय."

माय उंबऱ्यावर टेकली. "मंग? कोण जिंकलं?"

"तीच."

"ती ऐकत न्हाई कोणाचं," माय म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून तिथंच बसून राहिली. मीही उठले नाही.

निबंध दोघींच्या नावानं तयार केला. लेखक हयात नसला तर त्याच्या नावाशी एक छोटी कट्यारीसारखी खूण करायची पद्धत आहे. मी अशी खूण इतरांच्या नावांशी किती वेळा पाहिली होती आणि नजर पुढं नेली होती. तिच्या नावाशी ती करायला मला दुपारभर जमलं नाही. ज्या बाईनं आत्ता माझी चूक काढली, तिला मी गेलेली कशी म्हणू? पण खोटं लिहायचं नाही, हेही दोघींचं ठरलेलंच. खूण केली. पाठवून दिलं. मोजमाप अजून यायचंय. आकडा चुकला तर दोघींचा चुकेल, टिकला तर दोघींचा टिकेल. निकाल ऐकायला मात्र मी एकटीच असणार आहे.