मुख्य खात्याच्या राणे मॅडम

मुख्य खात्यात काही बदलायचं असलं की राणे मॅडम खुर्चीतून उठून अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "वर हात लावतेय! खाली कोण आहे?" त्यांच्या लालबागच्या चाळीत गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करण्याआधी त्या अशाच हाका मारत. परळच्या आमच्या काचेच्या ऑफिसात पोरं फिदीफिदी हसायची.

गिऱ्हाइकांची कामं आम्ही क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर चालवायचो, आणि त्याची उतरंड होती. सगळ्यात वर मुख्य खातं, खाली विभाग, त्यांच्या खाली एकेका गिऱ्हाइकाची खाती. वर लावलेला नियम खाली सगळ्यांना लागू. म्हणून मॅडम घाबरायच्या. "माका भीती वाटता गो," त्या मला, त्यांच्या हाताखालच्या पोरीला, उघड सांगत. "वरच्याक खालचो दिसना नाय."

आमचे साहेब, देसाई सर, याला वैतागले होते. मालकाचं नाव नसलेली खाती बंद करा, असा नियम त्यांना वरूनच लावायचा होता. मॅडम म्हणाल्या, "आधी एकेक उघडून बघूया." सर म्हणाले, "अहो, कचरा आहे सगळा! किती घाबरता?" आणि मॅडम जेवायला गेल्या असताना त्यांच्या उघड्या राहिलेल्या मशीनवरून सरांनी तो लावून टाकला.

थोड्याच वेळात एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीतून फोन आला. स्क्रीन बंद. बाळंतीण टेबलावर, आणि तिच्यासाठी जुळवलेली रक्ताची पिशवी कुठली, तेच दिसेना. त्यांचं काम 'टेस्ट' नावाच्या खात्यात चालत होतं. घाईत, मालकाचं नाव न टाकता, तात्पुरतं म्हणून सुरू केलेलं, तिथेच राहून गेलेलं. आमच्याकडे हे नेहमीचंच.

सर पांढरेफटक पडले. मॅडम धावत आल्या, पण तोवर खातं आपोआप बंद झालं होतं, आणि घाईत बोटं भलतीकडे पडून पासवर्ड चुकला. परत चुकला. आणखी एकदा चुकला असता तर खात्याला कुलूप.

"तू टाईप कर गो. मी सांगतंय." जन्मात कुणाला न सांगितलेला पासवर्ड त्यांनी सगळ्यांसमोर एकेक अक्षर सांगितला. मी दाबत गेले. खातं उघडलं, नियम काढला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "दिसतंय, दिसतंय!"

मॅडमनी फोन ठेवूच दिला नाही. बाई वाचली हे ऐकल्यावरच त्या खाली बसल्या. सर पुटपुटले, "चला, निभावलं."

दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. मी फोन केला, तर म्हणाल्या, "आता माका झेपणा नाय."

मी माझं मशीन उघडलं, तर मुख्य खात्यावर त्यांच्या जागी माझं नाव होतं. मला विचारलंही नव्हतं. सरांनी हाक मारली, "अगं, तो नियम परत लावायचाय." आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांना नाही म्हटलं.